‘आपण हरलो, मॅडम’

१६ एप्रिल २०२४, मंगळवार. परभणीत ऊन तापायला लागलं होतं आणि वसमत रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीतला कूलर नुसता घरघर करत होता. सत्ताविशीची एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बसली, ओढणीने कपाळ पुसलं आणि एका दमात म्हणाली, ‘‘टीम हरली की माणूस दोन-दोन दिवस बिघडतो, हे बरोबर आहे का, मॅडम? का डोक्याचं काही आहे?’’

हा प्रश्न मला नवा नव्हता. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला आपण वर्ल्डकपची फायनल हरलो, त्या आठवड्यात असे तीन फोन आले होते. पण त्यांतल्या कुणालाच फार समजवावं लागलं नाही, कारण तेव्हा अख्खं गाव तोंड पाडून बसलं होतं. गावभर सुतक असलं की कुणी कुणाला वेडं म्हणत नाही. हिचा नवरा मात्र सुतकात एकटाच होता. ‘‘क्रिकेट नाही हो,’’ ती म्हणाली, ‘‘फुटबॉल. लंडनची कुठली तरी टीम आहे. रविवारपासून हे धड बोलनात, जेवनात. काल दुकानाला बी गेले नाहीत. सासरे म्हणतात, देवरशाकडं न्या.’’

(पुढचं सगळं त्या दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

गुरुवारी तो आला. एकोणतीस वर्षांचा, पुण्यात शिकलेला इंजिनिअर, आता वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात खतं-बियाणं विकतो. बायकोने पाठवलं म्हणून आलोय, हे खुर्चीत बसायच्या पद्धतीवरूनच कळत होतं. आणि मी तिथेच चुकले. वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘‘अरे, शेवटी खेळच आहे ना?’’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढची दहा मिनिटं फक्त ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक आहे’. तीस वर्षं हे काम करते, तरी ही चूक अजून होते. रडणाऱ्याला ‘त्यात काय एवढं’ म्हटलं की तो रडायचं थांबतो, आणि आपल्याला वाटतं समजूत पटली.

मग मी कागद-पेन त्याच्यापुढे सरकवलं. म्हटलं, ‘‘मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. रविवारी नेमकं काय झालं ते सांग. पहिल्यापासून.’’

आधी त्याने तक्ता काढला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. त्या शनिवारी सकाळी आर्सेनल (हीच त्याची लंडनची टीम) आणि लिव्हरपूल दोघांचे ७१ गुण होते, मँचेस्टर सिटीचे ७०. गोलफरकामुळे (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) आर्सेनल सगळ्यांत वर. आर्सेनलने लीग त्याआधी शेवटची जिंकली होती २००३-०४ मध्ये, अडतीसपैकी एकही सामना न हरता. सव्वीस विजय, बारा बरोबरी. तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, परभणीतच, आणि फुटबॉल त्याने शाळेच्या कपाटात बंद असलेलाच पाहिला होता.

‘‘शनिवारी सिटीने ल्युटनला पाच-एकने हरवलं. ते होणारच होतं. सिटी ७३. रविवारी साडेसहाला लिव्हरपूलची मॅच, त्यांच्या घरच्या मैदानावर, क्रिस्टल पॅलेसशी. आणि ते हरले, मॅडम! शून्य-एक!’’ इथे त्याचा चेहरा असा काही उजळला की चार दिवस न जेवलेला माणूस हाच का, असं मला वाटून गेलं. ‘‘बाहेर चौदा एप्रिलची मिरवणूक. डीजेपुढं कॉमेंट्री ऐकूच येईना. मी पोरीला म्हटलं, चप्पल घालून बस, मॅच झाली की आइस्क्रीम खायला जाऊ. नऊला आपली मॅच. अ‍ॅस्टन व्हिला, आपल्याच मैदानावर. जिंकलो की परत टॉपला. पहिल्या हाफला असं खेळलो ना... फक्त गोल होईना.’’

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला व्हिलाच्या बेलीने गोल केला. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला वॉटकिन्सने. त्याने कागदावर दोन टिंबं काढली आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

‘‘आपण हरलो, मॅडम.’’

त्या ‘आपण’ने मी थबकले. त्याने त्यात मलाही धरलं होतं.

अमेरिकेतल्या रॉबर्ट सियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक मजेशीर अभ्यास प्रसिद्ध केला होता. कॉलेजची टीम शनिवारी जिंकली की सोमवारी जास्त मुलं कॉलेजचं नाव असलेले कपडे घालून येत. जिंकल्यावर म्हणत ‘आपण जिंकलो’, हरल्यावर म्हणत ‘ते हरले’. मोठ्या शिताफीने अंग काढून घेत. आमचा हा भाबडा मात्र हरल्यावरही ‘आपण’च म्हणत होता. त्याला अंग काढून घेता येत नव्हतं, आणि त्याचा त्रास तिथेच होता. ज्याला ‘ते हरले’ म्हणता येतं तो सोमवारी दुकानाला जातो.

मी उगीच त्याचे शब्द मोजायला लागले. पाऊण तासात संघासाठी वीसेक वेळा ‘आपण’ आणि ‘आपलं’. दुकानाचा विषय निघाला तेव्हा ‘बाबांचं दुकान’. घराचा निघाला तेव्हा ‘त्यांच्या घरी असंच असतं’. हे मी त्याला त्या दिवशी बोलले नाही.

अशा वेळी तीन गोष्टी मी आधी तपासते आणि वाचणाऱ्यांनीही तपासाव्यात: दारू, पैसा आणि ‘सगळं संपलं’ हे वाक्य. दारू नव्हती. पैसा होता. ॲपवर टीम लावायची, एकोणपन्नास-एकोणपन्नास रुपयांनी. हंगामात सात हजार गेले होते, बायकोला पत्ता नव्हता. ते ॲप त्याने माझ्यासमोर काढलं, आणि बायकोला सांगायचंही तिथेच ठरलं. (पुढे ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावायचे असे ऑनलाइन खेळ बंदच झाले. पण दोन ओळखीचे भिडू जमले की पैज लावता येतेच, त्याला ॲप लागत नाही.) तिसरं वाक्य त्याने सोमवारी बायकोजवळ उच्चारलं होतं, म्हणून मी आडपडदा न ठेवता विचारलं, ‘‘जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’’ तो एकदम सरळ बसला. ‘‘नाही हो मॅडम! टायटल संपलं म्हणालो मी.’’ हसू आलं तरी हा प्रश्न विचारायचा म्हणजे विचारायचाच. उत्तर ‘हो’ असेल, किंवा असावं असं वाटलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर लगेच फोन लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या भेटीत पुणं निघालं. २०१३ ते १७ होस्टेलला होता. खोलीतले चौघंही आर्सेनलवाले. पहिल्या वर्षाच्या शेवटी, १७ मे २०१४ ला, एफए कपची (लीगहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) फायनल होती. सोमवारी गणिताचा पेपर. हल सिटीने आठ मिनिटांत दोन गोल मारले आणि एका दोस्ताने पुस्तक उघडलं. मग काझोर्लाची फ्री किक, मग कोशेल्नी, आणि जादा वेळेत एकशे नवव्या मिनिटाला रॅमसी. तीन-दोन. नऊ वर्षांनी आर्सेनलला कप मिळाला होता. ‘‘वॉर्डनने आम्हाला गेटाबाहेर काढलं. आम्ही रात्रभर टपरीवर. गणितात मला चाळीस पडले.’’ चाळीस त्याने अशा थाटात सांगितले की मेडल असावं.

शिक्षण झालं, हिंजवडीत दीड वर्ष नोकरी झाली. मग वडिलांची बायपास, मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं, दुकानाला माणूस नाही. ‘चार महिने ये’ म्हणून बोलावलं होतं. त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. त्याच्या परतण्यावर घरात कुणी कधी बोललंच नाही. त्यागही म्हटलं नाही, नाइलाजही नाही. त्या आयुष्यातलं परभणीपर्यंत आलं ते एवढंच: शनिवार-रविवारच्या मॅचेस आणि चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप. बाकी तिघं पुण्या-बंगळूरला. आर्सेनल हरलं की त्या दोन तासांतलं ते घरच बंद पडायचं, आणि सोमवारी समोर युरियाची पोती. बायकोला हे दिसणार कसं? तिला रिमोट फेकलेला दिसला.

तिची तक्रार तरी कुठे मॅचची होती? तिसऱ्या भेटीला दोघं आले तेव्हा मी तिला विचारलं, रविवारचं सगळ्यांत काय लागलं? ती म्हणाली, ‘‘पोरगी चप्पल घालून बसली होती, मॅडम. तशीच झोपली. मी झोपेत तिच्या चपला काढल्या.’’ तो खाली बघत राहिला. मी काहीच बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

एकदा वडिलांनाही बोलावलं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलण्यात मोकळे. ‘‘गोऱ्यांची पोरं तिकडं पळतेत आणि आमचं हितं उपाशी. हे येडच की.’’ मी त्यांना म्युनिकचं सांगितलं. २००६ चा वर्ल्डकप जर्मनीत झाला. ज्या दिवशी जर्मनीची मॅच असे, त्या दिवशी म्युनिक भागात हृदयविकाराच्या तातडीच्या केसेस नेहमीच्या अडीच पटींहून जास्त भरल्या. डॉक्टरांनी हे मोजून २००८ मध्ये छापलंय. मॅच खोटी असेल, पण काळीज खरोखर धडधडतं. बायपास झालेल्या माणसाला ही भाषा लगेच समजते. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘‘जगात जर्मनी, भारतात परभणी. तिथं बी येडे, हितं बी येडे.’’

मला तेवढ्यात सुचलं म्हणून विचारलं, ‘‘तुमच्याकडे सोयाबीन पडून आहे म्हणे?’’

‘‘हाय की. चाळीस क्विंटल. एकवीस सालात दहा हजारांच्या घरात गेलतं. आता साडेचार हजारांनी कोण इकतंय? येईल भाव.’’

‘‘कधी?’’

‘‘ह्या साली नाही तर पुढल्या साली.’’

पोरगा पहिल्यांदा मोठ्याने हसला. ‘‘मॅडम, आर्सेनल २००४ पासून थांबलंय, बाबा २०२१ पासून.’’ वडील आधी रागावले, मग त्यांनाही आवरेना. त्या दिवशी फी घ्यायला मला संकोच वाटला. सगळं काम त्या दोघांनीच केलं होतं.

आशेचं एक असतं: लांबची आशा तितकीशी छळत नाही, हातातोंडाशी आलेली छळते. मी त्याला म्हटलं, तळाच्या संघांचे चाहते तुझ्यापेक्षा सुखी असतील. त्याने लगेच दुरुस्ती केली. तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, त्यांची झोप उडालेली असते. निवांत असतात ते मधले. मला हे आवडलं. मधल्या नंबरावर निवांत जगणारी पुष्कळ माणसं माझ्या ओळखीची आहेत.

ठरवलेल्या गोष्टी साध्या होत्या. जेवण मॅचच्या आधी. मॅचेसचं वेळापत्रक महिन्याचं एकदम काढून फ्रिजवर लावायचं, म्हणजे बायकोला ‘आज आहे का?’ विचारावं लागू नये. तिकडे ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे करतात, मग तिथली दुपारी तीनची मॅच आपल्याकडे साडेसातऐवजी साडेआठला येते. हेही त्याने तिला समजावून सांगितलं. मध्यरात्रीनंतरची मॅच बघायची नाही, सकाळी हायलाइट्स. मॅचवर लेकीला कसलंही वचन बांधायचं नाही, आइस्क्रीमला जायचं तर आधी. आणि हरल्यावर वीस मिनिटं घराबाहेर. ग्रुप बंद, फोन खिशात, चालत. त्या वीस मिनिटांत कुणी समजूत घालायची नाही, ‘सोडा हो’ म्हणायचं नाही. हे शेवटचं बायकोला सगळ्यांत अवघड गेलं.

पुण्याचं मात्र फ्रिजवर लावून सुटणारं नव्हतं. त्यासाठी तो एकटा सहा वेळा आला. एकदा नुसता रडला. एकदा चिडून, ‘बाबांनी एकदा तरी विचारायचं होतं’ म्हणाला. ते त्याने बाबांना पुढे सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

१९ मे ला हंगामाचा शेवटचा दिवस होता. आर्सेनलने एव्हर्टनला दोन-एकने हरवलं, पण सिटीही जिंकली. सिटी ९१, आर्सेनल ८९. त्याचा मेसेज आला: ‘मॅडम, दोघांचे विजय अठ्ठावीसच. दोन बरोबरी त्यांच्या जास्त.’ खाली रडका चेहरा. त्याखाली पोरीचा फोटो, तोंडभर कुल्फी.

जूनमध्ये त्याने भेटीची तारीख पुढे ढकलायला फोन केला. पेरणी तोंडावर आली होती. ‘‘आपल्याकडं बियाण्याला रांग लागलीय, मॅडम. आठवडाभर जमणार नाही.’’ मी डायरीत तारीख खोडली आणि बाजूला त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

शेवटचा निरोप बायकोचा आहे, त्याच वर्षीच्या पाडव्याचा. २ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी सहाला न्यूकॅसलशी मॅच, बाराव्या मिनिटाला इसाकचा गोल, आणि मग शेवटपर्यंत काहीच नाही. तिने लिहिलं होतं: ‘एक-शून्यनं हरले. मी ताट करून बसले होते. वीस मिनिटं म्हणून गेले अन् चाळीस मिनिटांनी आले. तोंड पडलेलंच होतं. पण पाटावर बसले. ओवाळून घेतलं. ताटात पाचशे टाकले, मग पोरीनं हात पुढं केला म्हणून तिला बी शंभर.’