गिझरची कॉईल बदलण्याआधी

भाऊ, पाणी तापत नाही म्हणजे कॉईलच गेली असं धरून चालू नकोस. आधी मोजून बघ. एमसीबी (वीज तोडणारा मेन बोर्डावरचा खटका) पाड, नुसत्या बटणावर विसंबू नकोस, आणि टेस्टर लावून खात्री झाल्यावरच झाकण उघड. वायरी सोडवून मल्टिमीटर कॉईलच्या दोन टोकांना लाव. 2000 वॅटची असेल तर 26 ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. आला, तर दोष थर्मोस्टॅटमध्ये (पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग) किंवा कटआउटमध्ये (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षा खटका) शोध. काहीच दाखवलं नाही, तर कॉईल तुटली. एक टोक आणि टाकीचं पत्र्याचं अंग यांतही मोज. तिथं मीटर हलला तर करंट पाण्यात उतरतोय, तो गिझर त्या क्षणापासून बंद.

आपल्या मराठवाड्यात खरा वैरी बोअरचं पाणी. मागे लातूरच्या घरातली कॉईल काढली तर तांबं दिसेना, नुसता पांढरा खडबडीत थर. स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर खपल्या पडल्या. त्या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, आतल्या आत कॉईल जळते. म्हणून टाकी उघडलीच आहेस तर तळाचा गाळ काढ, टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो संपत आला असेल तर तोही बदल. गॅस्केट, म्हणजे सांध्यातून पाणी गळू न देणारी रबरी चकती, मात्र नवीनच. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळ.

आणि घाई करू नकोस: गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागेपर्यंत एमसीबी चढवायची नाही. कोरडी कॉईल बघता बघता जळते.