बडीशेपेच्या वाटीतले पैसे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या हॉटेलचा गल्ला पाडव्यापासून तू सांभाळणार, हे वाचून बरं वाटलं. पत्रात तीन प्रश्न विचारलेस. बिलात सर्व्हिस चार्ज लावू का, टिपेचा डबा ठेवू का, आणि वेटर स्वतःचा क्यूआर टेबलावर ठेवू द्या म्हणतात तो ठेवू देऊ का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो आणि तिसऱ्याचं मुळीच नाही. पण नुसतं हो-नाही लक्षात ठेवलंस, तर गर्दीच्या एखाद्या रविवारी तूच नेमकं उलटं करून बसशील. म्हणून सविस्तर लिहितो.

टिप म्हणजे गिऱ्हाइकानं कामगाराला दिलेला पैसा. आपण मालक त्यातले फक्त मधले. त्या पैशाला हात लावायचा नाही, पण त्यावर डोळा ठेवायचा. बरेच मालक यातली एकच गोष्ट करतात. कुणी हात लावतो, तर कुणी "ते तुमचं तुम्ही बघा" म्हणून डोळाही काढून घेतो. दुसरा प्रकार दिसायला सज्जनपणाचा, पण त्यात मोठ्या आवाजाच्या वेटरला सगळं मिळतं आणि मोरीवरच्याला काही नाही.

सर्व्हिस चार्जचं आधी उरकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सूचना काढल्या की हॉटेलनं बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही आणि दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं 28 मार्च 2025 ला त्या सूचना कायम ठेवल्या. तक्रारीचा 1915 हा नंबर आता कॉलेजच्या पोरांनाही पाठ असतो. शिवाय हिशेबही वाईट. 800 च्या बिलावर दहा टक्के म्हणजे 80 चढवलेस, की जीएसटी 880 वर लागतो आणि बिल 924 होतं. तेच 80 रुपये गिऱ्हाइकानं आपल्या मनानं वाटीत ठेवले, तर त्यावर जीएसटी नाही. आणि बिलात ती ओळ दिसली की माणूस ती बायकोमुलांसमोर मोठ्यानं वाचतो. तिथून पुढं त्या टेबलावर टिप विसर.

जीएसटीचा अजून एक घोळ आहे. बिलावरचे अडीच आणि अडीच टक्के वेटरलाच जातात, असं समजणारे लोक आजही आहेत. "एवढा टॅक्स दिला, आता टिप कशाला?" असं ऐकलंस तर वाद घालू नकोस, नुसतं हस. मात्र आपलं हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या लहान धंद्यांच्या योजनेत असेल, तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, हे आधी तुमच्या सीएकडून पक्कं करून घे. बेकायदा टॅक्स लावायचा आणि टिपेची आशा धरायची, हे दोन्ही एका ताटात बसत नाही.

आता गिऱ्हाईक. अमेरिकेतले पंधरा-वीस टक्क्यांचे आकडे मोबाईलवर वाचून वेटरांना सांगू नकोस. तिथं टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला रोख 2.13 डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्यात चालतं. बाकीचं 7.25 पर्यंतचं टिपेतून भरून निघेल, असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे तिथली टिप हा पगाराचाच तुकडा. इथं तसं नाही. इथं थाळी खाल्ली, चव लागली, पोरगं नीट बोललं, की माणूस वरचे दहा-वीस ठेवतो. एसी हॉलमध्ये कुटुंब जेवलं की पन्नास, क्वचित शंभर. टक्के कुणी मोजत नाही, आणि दहा ठेवणारा चिक्कू नसतो.

तुमच्या रस्त्यावर गिऱ्हाइकांच्या चार जाती आहेत. वालचंद, विलिंग्डनची पोरं आठ जण बसतात, बिलाचे आठ तुकडे करतात आणि आठ फोन काढतात. त्यांच्याकडून टिप धरूच नकोस. ती पोरं चार वर्षं येतात, तीच टिप समज. मार्केट यार्डातला व्यापारी एकटा आला तर मोजून देतो. पण हळद-बेदाण्याच्या हंगामात बाहेरगावचा पाहुणा सोबत असला, की पाहुण्यादेखत शंभराची नोट टाकतो. महिन्याच्या खात्यावर जेवणारे रोज टिप देत नाहीत. ते दिवाळीला पोस्त देतात. हा आपला जुना शब्द आहे, टिपेपेक्षा मला तोच आवडतो. चौथे, मिरजेच्या दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक. हातात फाईल किंवा एक्स-रेची पिशवी दिसली, की त्या टेबलाजवळ बिल ठेवून कुणी रेंगाळायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांग. त्यातले बरेच कर्नाटकातून आलेले असतात. गरम पाणी न मागता द्यायचं आणि बाजूला व्हायचं.

टिप मिळते की नाही, हे निम्मं गल्ल्यावरच ठरतं, ही गोष्ट कुणी शिकवत नाही. बिल 440, गिऱ्हाइकानं 500 दिले. साठ परत जाताना पन्नासची एक आणि दहाची एक नोट गेली, तर वाटीत दहा राहतात. दहाच्या सहा गेल्या, तर बहुतेक वेळा वीस राहतात. तीस रुपये परत द्यायचे असले तर वीस आणि दहा. नुसती चिल्लर दिलीस, तर तिचा ढीग बघून माणूस अवघडतो. मग सगळी उचलतो किंवा रागानं सगळी ठेवतो. म्हणून सकाळी गल्ला उघडताना दहाच्या निदान शंभर नोटा असू देत. आणि "सुट्टे नाहीत" हे वाक्य तुझ्या गल्ल्यावर निघताच कामा नये. परत द्यायचे पैसे ठेवून घेतले किंवा त्याबदली गोळ्या-चॉकलेट दिलं, की टिप मागून घेतल्यासारखी होते. गिऱ्हाईक ते विसरत नाही.

वेटरनं काय करायचं ते थोडक्यात. बिलाची वाटी ठेवायची आणि तीन पावलं मागं. परतीचे पैसे ठेवले की पुन्हा मागं. गिऱ्हाईक उठून वळल्याशिवाय वाटीला हात लावायचा नाही, आणि वाटीतले पैसे टेबलावर मोजायचे नाहीत. काही नसलं तरी "या परत" तेवढ्याच आवाजात. पाचशेची नोट दिसली तर एकदा विचारायचं, "साहेब, पाचशेची आहे बरं का." चुकून ठेवली असेल तर ती परत जाते आणि माणूस तुझा होतो. मुद्दाम ठेवली असेल तर दोनदा दिल्यासारखी होते.

टिप न देणाऱ्याला वेटर लक्षात ठेवतात. बोलून दाखवत नाहीत, पाण्याच्या तांब्यातून दाखवतात. तो माणूस पुढच्या वेळी आला की त्याचा ग्लास रिकामाच राहतो, दुसरी भाकरी थंड येते आणि वाढीव रस्सा "संपला" होतो. गल्ल्यावर बसून नोटा बघण्यापेक्षा रिकामे ग्लास बघ. एकाच माणसाच्या टेबलांवर ते दिसायला लागले, तर समज की त्यानं टिप हक्काची धरली आहे. अशानं खिडकीच्या टेबलांवरून भांडणंही होतात. त्यावर उपाय म्हणजे टेबलं दर सोमवारी फिरवायची. एसी हॉल कुणाच्याही नावावर कायमचा ठेवायचा नाही.

डब्याकडे जरा वेळ देऊन बघ. स्टीलचा, वर चीर असलेला, कुलपाचा डबा घे. तो गल्ल्याच्या आत नको, बाहेर सगळ्यांना दिसेल असा ठेव. किल्ली तुझ्याकडे नको, कामगारांनीच निवडलेल्या एकाकडे दे. तो माणूस शक्यतो आतला असावा, आचारी किंवा भाकरीवाल्या मावशी. वाटीत आलेलं सगळं डब्यात जाईल. गिऱ्हाइकानं मुद्दाम कुणाच्या हातात दिलं, तर ते त्याचं. मात्र हातात मिळालेलं शंभराच्या वर असेल, तर निम्मं डब्यात. ही अट नसली, की वेटर गिऱ्हाइकाला सोडायला पार गाडीपर्यंत जायला लागतात आणि इकडं टेबलं उष्टी पडून राहतात.

मोजणी आठवड्यातून एकदा, सोमवारी रात्री, म्हणजे रविवारची गर्दी आत येते. वाटणी हिस्स्यांवर. तुमच्याकडे पाच वेटर आहेत, त्यांना प्रत्येकी चार हिस्से. दोन आचारी आणि भाकरीच्या दोन मावशी, प्रत्येकी तीन. टेबल पुसणारे दोघं आणि भांड्यावरचे दोघं, प्रत्येकी दोन. बेरीज चाळीस. प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या हजर दिवसांनी गुणायचा. सगळे सहा दिवस आले तर 240. डब्यात 6,000 निघाले तर भाव 25 रुपये. वेटरला 600, आचारी आणि मावशींना 450, पुसणारे आणि भांडीवाल्यांना 300. कुणी तीनच दिवस आला तर बेरीज कमी होते आणि भाव आपोआप चढतो, त्यात कुणाची मेहेरबानी नाही. वहीत तारीख, डब्यातली रक्कम, एकूण हिस्से, भाव आणि सह्या. वेटर कुरकुरतील की पाहुण्याशी गोड आम्ही बोलतो. बोलतात खरंच, म्हणून त्यांचे चार. पण भाकरी कच्ची निघाली की गोड बोलून पन्नास मिळत नाहीत.

यात तुझा हिस्सा शून्य. गल्ल्यावर बसणाऱ्या तुझ्या चुलतभावाचाही शून्य.

डबा बिघडतो तो जवळजवळ नेहमी मालकामुळेच. गर्दीत सुट्टे संपले की "डब्यातले काढा, नंतर टाकू." ग्लास फुटला, "डब्यातून घ्या." एखादं टेबल बिल न देता पळालं, "टिपेतून भरा." आणि सगळ्यात वाईट, उचल. पोरानं गावाकडच्या दवाखान्यासाठी पाच हजार उचल घेतली आणि तू ती त्याच्या हिश्शातून वळती करायला लागलास, की दुसऱ्याच आठवड्यात डब्यातली रक्कम निम्म्यावर येते. पैसा चोरीला जात नाही, तो डब्यापर्यंत येतच नाही. खिसे तपासायला लागलास तर चांगली माणसं आधी जातील. उचल पगारातून फेडून घे, तीही आधी ठरवलेल्या हप्त्यानं.

पगार आणि टिप कधीच एका कागदावर आणू नकोस. हॉटेल व्यवसायाला महाराष्ट्रात किमान वेतन लागू आहे आणि त्यावरचा विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो. "टिप धरून बसतंय की" हा हिशेब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2016 मध्ये सांगितलं आहे की गिऱ्हाइकानं दिलेली टिप हा मालकानं दिलेला पगार नव्हे, म्हणून पगारावरचा टीडीएस, म्हणजे मालकानं आधीच कापायचा प्राप्तिकर, तिच्यावर कापायचा नसतो. व्यवहारातलं कारण याहून सोपं आहे. 2019 किंवा 2021 सारखं कृष्णेचं पाणी गावात आलं, तर टिप त्याच दिवशी शून्य होते. तिच्यावर घरभाडं भरणारा माणूस त्या महिन्यात गावाला जातो आणि परत येत नाही.

आता क्यूआर. फोनवरून पैसे यायला लागल्यापासून वाटी टेबलावर जाईनाशी झाली. गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन स्कॅन करतं आणि जातं, हे वेटरांचं दुखणं खरं आहे. पण वेटरचा स्वतःचा कोड टेबलावर आला, की कुणीतरी घाईत बिलाचेच पैसे त्यावर टाकतं. शिवाय सगळ्यांची टिप एकाच्या खात्यात साठते आणि तो नोकरी सोडून गेला की कोड तिथंच चिकटलेला राहतो. त्यापेक्षा बिल वाटीतच टेबलावर जाऊ दे, तुमचा एकच कोड त्याच वाटीला जोड. गिऱ्हाइकानं 440 च्या बिलाला 460 टाकले, तर त्या बिलाच्या प्रतीवर "टिप 20" लिही आणि रात्री गल्ल्यातले वीस रोख डब्यात टाक. हिशेबात ते विक्रीत धरू नकोस, "टिप देणे" म्हणून वेगळं खातं उघड. नाहीतर बँकेत जमा आणि बिलांची बेरीज यांत दर महिन्याला फरक पडेल आणि सीए तुलाच विचारेल. रात्रीचं काम रात्रीच. "उद्या टाकू" म्हटलेली टिप तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

वरच्या सहा खोल्यांचं वेगळं. तिथं माणूस जाताना शेवटच्या सकाळी उशीखाली शंभर ठेवतो, आणि तीन दिवस खोली झाडणाऱ्याची त्या दिवशी नेमकी सुट्टी असते. खोलीत नंबर छापलेलं एक पाकीट ठेव. आलेलं पाकीट त्या नंबरावर कोण किती दिवस होतं ते बघून वाटायचं. बॅग उचलणाऱ्याला जे मिळेल ते त्याचं, त्यात पडू नकोस. "टिप देऊ नये" अशी पाटी मात्र लावू नकोस. ती वाचून देणारा ओशाळतो आणि न देणाऱ्याला काहीच फरक पडत नाही.

एक राहिलं. मोजणी रात्री साडेअकराला, आणि भाकरीच्या मावशी दहालाच निघतात. त्यांची रक्कम नाव घातलेल्या पाकिटात ठेव आणि वहीत त्यांची सही दुसऱ्या दिवशी घे. संध्याकाळी नवरा किंवा मुलगा "आईचे द्या" म्हणून दारात येईल, ओळखीचा असेल, घाईतही असेल. त्याला चहा दे. पाकीट मावशींच्याच हातात.

कळावे,
तुझा काका