अमेरिकेत छोट्या नॉनप्रॉफिटला कॉलेजचे वर्क-स्टडी विद्यार्थी कामावर कसे घेता येतात? खर्च किती येतो?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: न्यू जर्सीत तुमची छोटी नॉनप्रॉफिट आहे, तीन संध्याकाळी लहान मुलांचे इंग्रजी वाचनवर्ग चालतात आणि शनिवारी ज्येष्ठांना फॉर्म भरायला मदत केली जाते. फेडरल वर्क-स्टडी म्हणजे गरजू कॉलेज विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ कामाच्या पगारातला मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं ती योजना. तिचे विद्यार्थी घेतले तर पगाराचा भार किती पडेल, हे तुम्हाला हवंय. भार बराच कमी पडतो, पण पैशाच्या आधी सभासदत्वाचा मुद्दा निस्तरा.

या योजनेत काम सार्वजनिक हिताचं असावं लागतं. लाभ मुख्यतः एखाद्या मर्यादित सभासदत्वाच्या संघटनेलाच होत असेल, तर ते काम बसत नाही. वाचनवर्ग फक्त तुमच्या संस्थेच्या सभासद कुटुंबांच्या मुलांसाठी असतील तर तिथेच अडेल. वर्ग परिसरातल्या कुठल्याही मुलासाठी खुले करा, तसं पत्रकावर छापा आणि कामाच्या वर्णनातही लिहा. वर्ग मंदिराच्या हॉलमध्ये भरत असतील तर विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाचं किंवा प्रार्थनास्थळाच्या देखभालीचं काम देता येत नाही. निवडणूक प्रचाराचं काम तर कुणालाच देता येत नाही. पगारी माणूस काढून त्याच्या जागी विद्यार्थी बसवणंही नियमाबाहेर आहे.

विद्यार्थी शोधत फिरू नका. आधी कॉलेजच्या फायनान्शियल एड किंवा स्टुडंट एम्प्लॉयमेंट ऑफिसात जा. तिथे बिचकू नका. वर्क-स्टडीच्या निधीतला किमान ७ टक्के भाग समाजसेवेच्या कामांवर खर्च करणं आणि लहान मुलांच्या वाचनाचा किंवा कौटुंबिक साक्षरतेचा निदान एक प्रकल्प चालवणं, हे एरवी कॉलेजवर बंधनकारक असतं. म्हणजे तुमचे वाचनवर्ग ही त्यांचीही गरज आहे. योजनेचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच बोलणी सुरू करा. सप्टेंबरात गेलात तर बरेच विद्यार्थी कॅम्पसवरच्या कामांना लागलेले असतात. सोबत ५०१(सी)(३) चं, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था असल्याचं पत्र, ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक), विम्याचा कागद, कामाचं एका पानाचं वर्णन आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं नाव ठेवा. कॉलेजशी लेखी करार झाल्याशिवाय कुणालाही कामावर बोलावू नका.

आता हिशोब. फेडरल वाटा साधारणपणे पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत असतो. तासाला १६ डॉलर, आठवड्याला ८ तास, १५ आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर १२० तासांचे १,९२० डॉलर होतात. उरलेल्या २५ टक्क्यांनी तुमचे ४८०. विद्यार्थी तुमच्या पे-रोलवर असेल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा ७.६५ टक्के वाटा, म्हणजे सुमारे १४७ डॉलर, वर येतो, शिवाय वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावरच्या दुखापतीचा विमा. हे फेडरल पैशातून देता येत नाही. कॉलेजनेच मालक राहायचं ठरवलं तर नियमित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पगारावर बहुधा हा कर लागत नाही, म्हणून करारात ही बाब आग्रहाने मागा. काही कॉलेजं २५ टक्क्यांहून जास्त वाटा किंवा वेगळं प्रशासकीय शुल्क मागतात, तेही आधीच विचारून घ्या.

तुमच्यासाठी खरी सवलत पुढे आहे. बालवाडी आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाचन शिकवणाऱ्या विद्यार्थ्याच्या पगारात फेडरल वाटा १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कॉलेजवर तशी सक्ती नाही, म्हणून स्पष्ट शब्दांत विचारा. वाचनवर्ग आणि शनिवारचं मदतकेंद्र ही दोन वेगळी पदं दाखवा. एकत्र केलीत तर ही सवलत हातची जाण्याची शक्यता असते.

घोटाळा सर्वांत जास्त होतो तो तासांत. प्रत्येक विद्यार्थ्याला कमाईची ठरावीक मर्यादा मिळते. ती वर्षाला २,००० डॉलर असेल तर १६ डॉलरच्या दराने १२५ तास होतात, आणि ३० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला जेमतेम चार. पहिल्या सेमिस्टरमध्ये आठ-आठ तास काम घेतलं तर जानेवारीत तुमच्या शिक्षकाचे तास संपलेले असतात. मर्यादा ओलांडून काम घेतलं तरी पगार द्यावाच लागतो, आणि त्या तासांचा पूर्ण खर्च बहुधा तुमच्याच माथी येतो. म्हणून मुलाखतीतच मर्यादा विचारा, दर पंधरवड्याला उरलेले तास मोजा, आणि एका मोठ्या पदाऐवजी चार-पाच तासांची दोन पदं ठेवा. एकाची परीक्षा असली तर दुसरा वर्ग सांभाळतो.

टाइमशीटवर प्रत्यक्ष काम पाहणाऱ्याचीच सही हवी. विद्यार्थ्याच्या लेक्चरच्या वेळेतले तास लावता येत नाहीत. ‘आज अर्धा तास सेवा म्हणून थांब’ असं कधीही म्हणू नका. पगारी विद्यार्थ्याकडून तेच काम फुकट घेणं कायद्यात बसत नाही. समाजसेवेच्या कामासाठी प्रशिक्षणाचे आणि येण्याजाण्याचे वाजवी तास मात्र पगारात धरता येतात. बस बदलत येणाऱ्या मुलामुलींना त्याचा मोठा आधार होतो, तेव्हा ते करारात लिहून घ्या.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेले विद्यार्थी या योजनेत बसत नाहीत. नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा तत्सम पात्रता असलेले, फाफसा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरलेले आणि आर्थिक गरज सिद्ध झालेलेच घेता येतात. ओळखीतल्या एफ-१ विद्यार्थ्याला ‘इथे काम मिळेल’ असा शब्द देऊन बसू नका, त्याचा व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

मुलांसोबत काम असल्याने पार्श्वभूमी तपासणी पहिल्या वर्गाच्या आधी पूर्ण झालेली हवी, तेवढे आठवडे हाताशी ठेवा. आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत विद्यार्थी मिळणार नाहीत असं धरून चाला. वाचनवर्गाला तेव्हा सुट्टी देता येईल, शनिवारच्या ज्येष्ठांसाठी मात्र तुमचे स्वयंसेवक आधीच नेमून ठेवा.