वाईजवळच्या जुन्या घराच्या विटा झडतायत. गवंडी बाहेरून सिमेंटचा गिलावा करू आणि त्यावर वॉटरप्रूफ रंग लावू म्हणतोय. करावा का?

नमस्कार. सिमेंटचा गिलावा करू नका. त्यावर सुचवलेला वॉटरप्रूफ रंगही नको. मी पुणे-सातारा भागात जुन्या वाड्यांच्या आणि घरांच्या दुरुस्तीची कामं बघते. तुम्ही दिलंय तसंच वर्णन मी खूपदा ऐकलंय: १९३५ च्या सुमाराचं घर, काळ्या दगडाचं जोतं, वर उघड्या विटांच्या भिंती, आत सागवानी खांब, माथ्यावर कौलं. कमरेपर्यंतच्या विटांचे पापुद्रे सुटतायत, पांढरी पूड येतेय आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पावसाने धुऊन गेल्यात. हे सगळं दुरुस्त होतं, आणि घर उघड्या विटांचंच ठेवून होतं.

आधी कारण सांगते, म्हणजे गवंड्याशी बोलणं सोपं जाईल. तेव्हाची वीट आजच्या मानाने मऊ, ती पाणी पिते आणि सोडते. तिच्या दरजेतला चुना तिच्याहूनही मऊ. भिंतीत शिरलेली ओल त्या दरजेतून बाहेर पडते, बाहेर पडताना क्षारही दरजेत सोडते. झिजते ती दरज, वीट शाबूत राहते. चाळीस-पन्नास वर्षांनी दरजा खरवडून पुन्हा भरायच्या, हे बांधणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. तिथे सिमेंट भरलं की गणित उलटं होतं. दरज विटेहून टणक होते, ओलीची वाट बंद होते आणि पाणी विटेतून बाहेर पडू लागतं. विटेच्या तोंडाच्या जरा आत क्षारांचे खडे धरतात, फुगतात आणि तोंड उडवून टाकतात. सिमेंट स्वतःचेही क्षार घेऊन येतं. पूर्ण गिलावा केलात तर तीन-चार पावसाळे भिंत छान दिसेल, मग गिलावा विटेचं तोंड सोबत घेऊन पडेल.

तुमच्या घरात याहून मोठा धोका खांबांना आहे. आपल्याकडच्या खणांच्या (दोन खांबांमधली जागा म्हणजे खण) घरात भार बराचसा लाकडी खांब-तुळया घेतात आणि वीट मध्ये भरलेली असते. कित्येक खांब भिंतीत अर्धे किंवा पूर्ण गाडलेले असतात. बाहेरून सिमेंट लावलं की ओल आत अडकते आणि लाकूड सतत दमट राहतं. कसबा पेठेतल्या एका वाड्यात सिमेंटचा पट्टा काढल्यावर मागच्या खांबात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आरामात गेला. वरून रंगवलेला खांब अगदी ठणठणीत दिसत होता. तुमच्याकडे भिंतीलगतच्या प्रत्येक खांबाचा पाया आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोचून बघा. वाळवीचे मातीचे पट्टेही तिथेच दिसतील.

आता पाणी. विटेला हात लावण्याआधी ओल कुठून येतेय ते शोधा. निम्मा पैसा आणि सगळं लक्ष इथे घाला. कमरेपर्यंतच झडतंय याचा अर्थ ओल जमिनीतून चढतेय. तुमचं अंगण पूर्वी शेणाने सारवलेलं असेल, आता तिथे सिमेंटचा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक आहेत का? बहुतेक घरांत हेच निघतं. अंगण झाकलं की जमिनीतल्या ओलीला वर यायला एकच जागा उरते, ती म्हणजे तुमची भिंत. भिंतीलगतचा दीड-दोन फुटांचा पट्टा फोडा, खडी भरा, उतार घराबाहेर द्या. रस्ता वाढून जोतं जमिनीत गेलं असेल तर ते मोकळं करा. कौलांच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडत असतील तर पन्हळ लावा. आणि जुन्या भिंतीला चिकटून नंतर बांधलेली न्हाणी असेल तर तिचं सांडपाणी आधी तपासा.

पांढरी पूड म्हणजे लोणा. तो पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद धरा आणि पूड घरापासून लांब टाका. महिन्याभराने पुन्हा येईल, पुन्हा झाडा. ॲसिड अजिबात नको.

मग दरजेत नेमकं काय आहे ते बघा. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट तयार होऊ लागलं, पण गावातली घरं त्यानंतरही कित्येक वर्षं चुन्यात नाहीतर मातीतच बांधली जात. दरजेतला एक खडा काढून पेल्यातल्या पाण्यात टाका. थोड्या वेळात विरघळून गाळ झाला तर माती. तसाच राहिला पण नखाने किंवा चावीने खरवडता आला तर चुना. चावीलाही दाद देत नसेल तर मधल्या काळात कुणीतरी सिमेंट भरलंय. कधी कधी तोंडावर बोटभर चुना आणि आत सगळी पांढरी माती असते. तसं निघालं तर फार खोल खरवडू नका आणि प्रेशरच्या पाण्याने भिंत धुवायला कुणालाही देऊ नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यातले कितीतरी वाडे बसले, त्यात मातीत बांधलेल्या भिंतींचा मोठा वाटा होता. कोरडी असेपर्यंत अशी भिंत शंभर वर्षंही उभी राहते.

दरजा भरण्याचं काम सावकाशीचं आहे आणि घाई इथेच होते, म्हणून नीट सांगते. जुना सैल माल बारीक छिन्नीने आणि हलक्या हातोडीने काढायचा. ग्राइंडर लावू देऊ नका, तो विटेच्या कडा खातो आणि खाल्लेली कड परत येत नाही. खोली दरजेच्या जाडीच्या दुप्पट, साधारण इंचभर. ब्रशने धूळ काढायची. आदल्या संध्याकाळी आणि भरायच्या आधी पाणी शिंपडायचं. वीट ओलसर हवी, पाणी चकाकायला नको. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि दरज भुसभुशीत होते. माल घट्टसर ठेवायचा आणि दरजेच्या जाडीची लोखंडी पट्टी घेऊन आत दाबायचा. एका वेळी बोटाच्या जाडीहून जास्त नाही. खोल असेल तर दोन-तीन थरांत. विटेच्या तोंडावर माल पसरू द्यायचा नाही. दरज विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायची, फुगीर पट्टी काढायची नाही. माल अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम खूण उमटेल इतका आवळला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकायचा. त्याने बारीक भेगा बंद होतात आणि पृष्ठभाग श्वास घेण्याइतका खरबरीत राहतो.

माल असा: एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग चाळलेली वाळू. चुना पाण्याखाली मुरवलेला, लोण्यासारखा हवा. पोत्यातली चुन्याची भुकटीच मिळाली तर ती ताजी आहे याची खात्री करा आणि निदान दोन आठवडे पाण्यात मुरू द्या. जुन्या पोत्यातला चुना हवा लागून मेलेला असतो. कळीचा चुना घरी विरवणार असाल तर मुलांना लांब ठेवा, पाणी उकळतं. चुन्याच्या कोणत्याही कामात डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. सुरखी म्हणजे विटेची भुकटी, पण ती कमी भाजलेल्या विटेची लागते. जास्त भाजलेल्या, काळपट विटेची भुकटी चुन्याशी नीट धरत नाही. सुरखीमुळे माल ओलीतही आवळतो आणि रंगही जुन्या दरजेच्या जवळ जातो. नदीची वाळू मिळणं आता अवघड आहे. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरली तर धुऊन घ्या आणि दरज करडी दिसेल हे धरून चला. गूळ, बेलफळ, हिरडा यांची परंपरा खरी आहे, पण दरजा भरण्यापुरतं त्यांच्यावाचून अडत नाही. गवंडी म्हणेल, “मूठभर सिमेंट टाकू, लवकर धरेल.” तिथे ठाम नाही म्हणा. त्या मुठीने चुन्याचे गुण जातात आणि सिमेंटची ताकदही मिळत नाही.

भरल्यावर आठ-दहा दिवस भिंतीपुढे ओलं गोणपाट टांगा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी त्याला दमटपणा लागतो. म्हणूनच मे महिन्यात हे काम करू नये.

विटांबद्दल थोडक्यात. पापुद्रा अर्ध्या इंचापेक्षा कमी गेला असेल तर वीट राहू द्या. खोल गेलेली वीट भोवतीची दरज कापून अलगद काढा आणि फिरवून बघा. पुष्कळदा मागचं तोंड कोरं निघतं, तेच बाहेर करून बसवा. अगदीच गेली असेल तर जवळपास पाडलेल्या जुन्या घराच्या त्याच मापाच्या विटा मिळवा. नवी नऊ-चार-तीन इंचांची वीट तुमच्या थराला बसणार नाही. निवडताना दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज हवा. मग एक वीट कोरडी तोला, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती घेऊ नका. एका वेळी सलग पाच-सहाच्यावर विटा काढायच्या नाहीत.

मधे कुणी सिमेंट भरलेलं असेल तर ते ठोकून बघा. पोकळ वाजेल तेवढंच काढा. घट्ट धरलेलं उपटायला गेलात तर वीट सोबत येईल, तिथे ते असू द्या. पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ओढू नका. कापा, मुळाच्या तोंडाशी तणनाशक लावा, मुळं मेल्यावर दरज उघडून काढा.

भेगा तुम्ही लिहिल्या नाहीत, तरी खिडक्यांचे कोपरे बघा. तिथून पायऱ्यांसारखी तिरपी भेग निघाली असेल तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे. तेव्हा दरजा भरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. काळ्या मातीवरच्या घरात पाया पावसाळ्यात उचलतो आणि उन्हाळ्यात बसतो. तुमचा भाग कोयनेच्या १९६७ च्या भूकंपात हादरलेला आहे, त्यामुळे जुनी भेग आणि नवी भेग वेगळी ओळखणं गरजेचं.

गवंडी बदलायलाच हवा असं नाही. त्याला पश्चिमेच्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना वर सांगितल्याप्रमाणे करायला सांगा, महिनाभर राहू द्या, मग चावीने खरवडून बघा. दरज विटेपेक्षा मऊ पण भुगा न होणारी आली तर त्याच्याच हातून पुढचं काम करून घ्या. पावसाळ्याआधी फक्त पन्हळ, कौलं आणि अंगणाचा पट्टा एवढंच उरका. भिंतीला एक पावसाळा आणि त्यानंतरचं ऊन मिळू द्या. ओल किती उतरली ते बघून दिवाळीनंतर पश्चिमेच्या भिंतीपासून दरजा सुरू करा आणि होळीच्या आत हात धुऊन मोकळे व्हा.