लावरी-तितर मारायला कोणती एअर रायफल घ्यावी? .१७७ की .२२?

तुम्ही विचारलंय की गावाकडं शेतात तितर, लावऱ्या, होले भरपूर आहेत, तर .१७७ घेऊ की .२२, आणि मित्र म्हणतो लायसन लागत नाही म्हणजे काही टेन्शन नाही. मी तेराव्या वर्षापासून एअरगन चालवतोय, आता रेंजवर १० मीटरला नेम मारतो, त्यामुळं बंदुकीचं सगळं सांगतो, पण आधी मित्राच्या त्या वाक्याचं बघू.

लायसन लागत नाही ते बंदूक जवळ ठेवायला. तेही ४.५ मिमी बोअरची (नळीच्या भोकाची आतली रुंदी), म्हणजे .१७७, आणि ताकद २० जूलच्या आत असेल तरच. .२२ म्हणजे ५.५ मिमी, ती या सवलतीत बसतच नाही, त्यामुळं तो प्रश्न इथंच मिटला. आणि पाखरू मारायचा विषय शस्त्र कायद्यात येतच नाही, त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्याच्या कलम ९ प्रमाणं शिकारीला बंदी आहे. तितर, लावरी सगळं त्यात आलं. शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही बरं का, फास लावणं, जखमी करणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणं पण त्यात धरलंय, म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा होतोच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि मोरासारखं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं, काही असेल तर कमीत कमी तीन वर्षं. वर बंदूक जप्त, ज्या मोटारसायकलवर गेलात ती पण जप्त. शेत आपलं आहे हे तिथं चालत नाही. रानडुक्कर, रोही पिकाचं नुकसान करत असतील तर वनखात्याकडं अर्जाची वाट आहे, पण तितर खाऊशी वाटतं म्हणून कुणी परवानगी देत नाही.

आता कायदा घडीभर बाजूला ठेवा. मी स्वतः लहानपणी मारलेत, खोटं कशाला बोलू. चुलत्यांची जुनी मोडायची बंदूक होती, नळी खाली वाकवली की स्प्रिंग दाबली जायची. बांधावरच्या बाभळीवर होला बसलेला, मी मारला, तो खाली पडला पण मेला नाही, फडफडत तुरीच्या ओळीत शिरला. अर्धा तास शोधला तेव्हा सापडला. गळ्याजवळची पोटळी फुटली होती आणि त्यातनं ज्वारीचे दाणे बाहेर आलेले, आख्खे, ओले, आमच्याच रानातले. डोळा उघडा होता अन् हातात काळीज धडधडत होतं. पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, चुलत्यांनी मान मोडली. त्यानंतर मी पाखरावर बंदूक धरली नाही.

आणि हे नेम कच्चा होता म्हणून झालं असं नाही, गणितच तसं आहे. .१७७ चा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो, २०० मीटर प्रति सेकंदानं सुटला तर ताकद होते जेमतेम १० जूल, आणि पुढं गेला की ती पण कमी होत जाते. एवढ्यात पाखरू जागेवर जायचं तर छर्रा डोक्यालाच बसायला हवा, अन् लावरीचं डोकं ते केवढं, बोराएवढं. अंगाला लागला की जखमी पाखरू पळतं, तितर तर उडण्याआधी पळणारंच, ते काटेरी झुडपात घुसतं आणि दोन दिवसांनी मरतं. ते तुमच्या ताटातही येत नाही.

खायचीच हौस असेल तर पाळलेला जपानी बटेर मिळतो, फार्मवाल्याकडनं घ्या.

आता बंदूक. नेमबाजीची आवड असेल तर जरूर घ्या, हा फार सुंदर नाद आहे, आपल्या कोल्हापूरकडच्या पोरांनी त्यात नाव काढलंय, तेजस्विनी सावंत २०१० ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं. पहिली घेताना साधी स्प्रिंगची .१७७ घ्या, प्रेसिहोलसारख्या देशी कंपनीची चालते, सर्व्हिस अन् पार्ट मिळतात. खोक्यावर १००० फूट प्रति सेकंद लिहिलेलं बघून भाळू नका, तो आकडा बऱ्याचदा हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो, वेग जास्त म्हणजे नेम चांगला असं काही नसतं. १० मीटरच्या मॅच रायफली १७५ च्या आसपास मीटर प्रति सेकंदाच्याच असतात, आणि त्यावर खेळाडू अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका टिपतात. बघा त्यात मजा किती आहे.

स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरायची नाही, पुढचा हात नुसता खाली टेकवायचा, नाहीतर प्रत्येक छर्रा वेगळीकडं जातो. छर्रा न भरता कधी चाप ओढू नका, पिस्टन आपटून सील खराब होतं. कागदावर मारायला सपाट तोंडाचे छर्रे घ्या, गोल भोक पडतं, मोजायला सोपं जातं. शिसं असतं त्यामुळं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. पाठीमागं वाळू भरलेलं पोतं किंवा मातीचा बांध पाहिजेच, पत्रा किंवा दगड नको, छर्रा उलटून डोळ्यात येतो, म्हणून चष्मा घाला, आणि बघायला आलेल्या लहान पोरांना पण तुमच्या मागं उभं करा.

कागद लावा १० मीटरवर, पाच छर्रे मारा, पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले की मला इथं कळवा, मग स्कोप घ्यायचा का ते बोलू.