इंग्लंडमध्ये इतकी जोडपी लग्नाशिवाय एकत्र का राहतात?

तुम्ही विचारलंय, भाचा मँचेस्टरला मैत्रिणीबरोबर लग्नाशिवाय राहतो, तिकडे हे सर्रास चालतं म्हणे. मग तिथली कुटुंबव्यवस्था मोडीत निघाली का?

मला तसं वाटत नाही. मी इथे घरखरेदीचे कागद करणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात काम करते. लग्न न झालेली जोडपी रोज समोर बसतात, आणि बहुतेकांचा लग्नाला विरोध वगैरे काही नसतो. पोरगं तीन वर्षांचं, दोघांच्या पगारावर गृहकर्ज मंजूर, तिच्या बोटात अंगठीसुद्धा. लग्न कधी? तर डिपॉझिट भरून झालं की, चार पैसे साठले की. आपल्याकडे संसार ज्याने सुरू होतो, ते इथे संसार मार्गी लागल्यावर करतात.

२०२१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या बाळांपैकी ५१.३ टक्के लग्नाबाहेरची होती. १८४५ पासूनच्या नोंदींत हा आकडा पहिल्यांदाच निम्म्यावर गेला. पण त्यांतल्या बहुसंख्य बाळांच्या दाखल्यावर आईबाप दोघांची नावं आणि पत्ता एकच असतो. म्हणजे घर आहे, फक्त लग्न नाही.

माझ्या मते मुख्य कारण असं, की पूर्वी लग्नाशिवाय जे मिळत नव्हतं, ते एकेक करून मिळू लागलं. गर्भनिरोधक गोळी सरकारी आरोग्यसेवेत १९६१ साली आली ती विवाहित बायकांसाठी. १९७४ पासून लग्न झालेलं असो वा नसो, फुकट. बाईला स्वतःच्या नावावर कर्ज हवं तर बाप नाहीतर नवरा जामीन आणा, असं बँका सांगत. १९७५ च्या कायद्याने त्याला चाप बसला. १९८७ च्या कायद्याने औरस-अनौरस हा भेद जवळपास पुसला. डिसेंबर २००३ पासून जन्मनोंदणीत नाव असलं की अविवाहित बापालाही पालकत्वाचे कायदेशीर अधिकार मिळतात. मग घाई कशाची?

घटस्फोटाचंही आहेच. १९७१ पासून तो सोपा झाला आणि संख्या भराभर वाढली. एकदा हात पोळलेले दुसऱ्या वेळी नुसतेच एकत्र राहतात, आधीची मुलं घेऊन. आईबापांची भांडणं बघत वाढलेली पोरंही सही करायला बिचकतात. गिडन्स यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ म्हणतात, आता नातं दोघांना समाधान देतंय तोवरच टिकतं. असेल, पण माझ्या टेबलावर प्रेमापेक्षा पैसा जास्त बोलतो.

धर्माची पकड सुटली, हेही खरं. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले. तरी कायदे, घरभाडी, गोळ्या सगळं तेच असूनही इथल्या भारतीय वंशाच्या घरांत लग्नाशिवाय राहण्याचं प्रमाण बरंच कमी आहे. इंग्रजांचे 'चार लोक काय म्हणतील'मधले चार लोक केव्हाच पांगले. आपण आपले सामानातून बरोबर आणले.

ही नाती जास्त मोडतात, असं कुणी सांगेल. मोडतात. पण 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' या इथल्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये तपासलं, तेव्हा दिसलं की हा फरक मुख्यतः वय, शिक्षण आणि कमाईचा आहे. लग्न लावून दिल्याने नातं टिकतं, असं त्यातून निघत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. काही वर्षं एकत्र राहिलं की आपोआप नवरा-बायकोसारखे हक्क मिळतात, असा इथल्या कितीतरी लोकांचा पक्का समज असतो. इंग्लंडच्या कायद्यात तसं काही नाही. मृत्युपत्र नसेल तर जोडीदार वारस ठरत नाही. दोन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवून कोर्टात मागता येतं, पण ती वेगळी लढाई. घर दोघांच्या नावावर असेल तरी कागदाचा प्रकार बघावा लागतो: एका प्रकारात एक गेला की सगळं दुसऱ्याचं, दुसऱ्या प्रकारात ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा. 'कुठे सही करू?' एवढंच विचारून लोक मोकळे होतात.

तेव्हा भाच्याला लग्नाचं विचारण्याआधी घर कुणाच्या नावावर आहे आणि मृत्युपत्र केलंय का, ते विचारा. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून नियम थोडे वेगळे आहेत, पण तो मँचेस्टरला आहे.