७०-३०० मिमी झूम लेन्सने ३०० वर काढलेले पक्ष्यांचे फोटो धूसर का येतात? लेन्स बदलू का?

थांबा, एवढ्यात पैसे घालवू नका. गुहागरला मीही कुरवांचे असेच धूसर फोटो काढून लेन्सला शिव्या घातल्यात. बहुतेकदा दोष शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याचा असतो. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ३०० मिमी म्हणजे साधारण ४५० धरा, त्यामुळे हात हललेलाही जास्त दिसतो. बसलेल्या पक्ष्यालाही हातात कॅमेरा धरून किमान १/५०० सेकंद हवा, उडत्याला १/१६०० किंवा जास्त. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० झाला तरी चालेल. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/८ ठेवून बघा. स्वस्त झूम लेन्स ३०० वर पूर्ण उघडी असली की जरा मऊच पडते, म्हणजे फोटो कमी धारदार येतो. २५० वर येऊन दोन पावलं पुढे गेलात तरी फरक दिसेल. फोकस एकाच बिंदूवर, डोळ्यावर.

आता आपल्या किनाऱ्याची खोड. दुपारी बाराला वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते. लांबचा पक्षी मग पाण्यातून बघितल्यासारखा येतो, लाखाची लेन्स लावली तरी. सकाळी साडेआठच्या आत उरका आणि जवळ जा. खाऱ्या वाऱ्याने काचेवर चिकट थर बसतो. तो कोरडा घासू नका, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) धूळ उडवा, मग ओलसर लेन्सपेपर. स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर काढून एक फोटो घ्या. माझा तर तोच निघाला चोर!

ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी लेन्समधली सोय) बंद करून बघा.